पडलेल्या पुलाची साक्ष

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर टे नावाची नदी समुद्रास मिळते. तिच्या रुंद मुखावर, डंडी शहराजवळ बांधलेला आगगाडीचा पूल २८ डिसेंबर १८७९ रोजी, रविवारी, सायंकाळी सव्वासातच्या सुमारास वादळात कोसळला आणि त्यावरून चाललेली गाडी सर्व उतारूंसह नदीत गेली. एकही मनुष्य वाचला नाही. या गोष्टीस आता एकशे चाळीसांहून अधिक वर्षे झाली. मग ती आज का उकरून काढता, असे वाचक विचारतील. कारण असे की, हा पूल अलीकडे पुन्हा बांधला जात आहे व पुन्हा पाडला जात आहे. लोखंडाने नव्हे, तर संगणकावर. जुनी छायाचित्रे व नकाशे घेऊन अभ्यासक खांबाखांबाचे गणित मांडतात. दुसरे कोणी त्याच सामग्रीतून हलते चित्र तयार करतात. त्यात रात्र असते, वारा असतो, गाडीचे दिवे असतात, आणि मग ते दिवे खाली जातात.

असे चित्र तरुणांच्या हाती मोबाईलवर सहज येते. शब्बाथशाळेचा एखादा शिक्षक ते वर्गात दाखवू का, असेही विचारील. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो : मेलेल्यांचे मरण पुन्हा घडवून दाखवण्याचा आपणांस अधिकार आहे काय? आणि असला, तर कोणत्या अटीवर?

प्रथम हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. हा पूल थॉमस बाऊच नावाच्या इंजिनियराने बांधला. लांबी जवळजवळ दोन मैल, गाळे ८५. मधल्या १३ गाळ्यांखालून जहाजे जावीत म्हणून तेथे गर्डर उंच चढवले होते व गाडी त्यांच्या आतून, जणू लोखंडी पिंजऱ्यातून जात असे. १ जून १८७८ रोजी पूल उतारूंसाठी खुला झाला. पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली व बाऊच यास सर ही पदवी मिळाली. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत ते तेरा उंच गाळे, तेवढेच, नदीत पडले.

त्या रात्री दक्षिण टोकाच्या केबिनमध्ये एक सिग्नलवाला होता व त्याच्याबरोबर त्याचा एक सोबती होता. त्यांनी गाडीचे मागचे दिवे दूर जाताना पाहिले, चाकांपाशी ठिणग्या पाहिल्या, मग एकदम उजेड चमकला आणि त्यानंतर अंधार. उत्तरेकडून डंडीचा स्टेशनमास्तर व इंजिनशेडचा मुख्य असे दोघे त्या वाऱ्यात पुलावर गेले. पुलावरून नदीपार पाणी नेणारा एक नळ होता. तो तुटून पाणी उडताना त्यांना दिसले आणि त्यापुढे पूलच नव्हता. प्रत्यक्ष साक्ष म्हणतात ती जवळजवळ एवढीच. गाडीच्या आत काय झाले हे सांगणारा कोणी उरला नाही.

आता पुनर्रचना या एका शब्दाखाली दोन वेगळी कामे चालतात, व त्यांचा निवाडा एकत्र करून चालणार नाही.

पहिले काम न्यायाधीशाच्या कामासारखे आहे. अपघातानंतर चौकशी न्यायालय बसले. अध्यक्ष हेन्री रॉदरी, व त्यांच्याबरोबर रेल्वेचे निरीक्षक कर्नल यॉलंड आणि इंजिनियर विल्यम बार्लो असे तिघे होते. या न्यायालयासाठी उरलेल्या खांबांची व मोडतोडीची छायाचित्रे डंडीच्या छायाचित्रकारांकडून काढवून घेण्यात आली. ती जपून राहिली. सुमारे सव्वाशे वर्षांनी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतील पीटर लुईस व केन रेनॉल्ड्स यांनी ती संगणकावर उतरवून, मोठी करून, इंच इंच तपासली. मूळच्या कागदावर डोळ्यास केवळ डाग दिसावा तेथे आता तडकलेले बीड दिसू लागले.

बीड का, ते सांगतो. पुलाचे उंच खांब बिडाच्या ओतीव नळ्यांचे होते. एकेका खांबात अशा सहा नळ्या उभ्या असत, आणि त्या एकमेकींस तिरक्या लोखंडी पट्ट्यांनी ताणून बांधलेल्या. पट्टी अडकवण्यासाठी नळीबरोबरच ओतलेले बिडाचे कान होते. त्या कानांतली भोके सरळ पाडलेली नव्हती. ती ओततानाच ठेवलेली, म्हणून एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद अशी झाली होती. बोल्ट भोकात सर्वांगाने न टेकता कडेवर टेकत असे. चौकशीच्या वेळी असे कान ओढून तोडून पाहिले, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा फारच कमी ताणाला तुटले. लुईस व रेनॉल्ड्स यांचे म्हणणे असे की, हे कान त्या एका रात्रीत तुटले नाहीत. गाड्या जाता येता पूल हलत होता, आणि त्या हलण्याने काही कान आधीपासूनच चिरत गेले होते. पुलाला रंग देणाऱ्या मजुरांनी चौकशीत पूल हलत असल्याची साक्ष दिलीच होती.

उलट १९९५ साली टॉम मार्टिन व इयन मॅकलॉइड या दोघांनी संगणकाने सगळ्या खांबांचे गणित नव्याने केले, व त्या रात्रीचा वारा हेच मुख्य कारण असा निष्कर्ष काढला. असे वादळ सोसण्याजोगा तो पूल मुळात आखलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्ष अभ्यासू, दोघांपुढे पुरावा तोच, व निर्णय एक नाही. यात आम्हांस लाजिरवाणे काही दिसत नाही. दोघांनीही आपले अंदाज उघड मांडले आहेत, ज्यास खोडायचे असतील त्याने खोडावेत. साक्ष देण्याची ही रीत प्रामाणिक आहे.

अशा साक्षीची गरज किती होती, हे समजण्यासाठी त्या दिवसांतल्या व्यासपीठांकडे पाहावे लागेल, आणि येथे आम्हां मंडळीच्या लोकांस थोडे अवघडल्यासारखे होते. अपघात रविवारी झाला. स्कॉटलंडात रविवारच्या गाड्यांविरुद्ध आधीपासून चळवळ होती. प्रभूच्या दिवशी प्रवास करणाऱ्यांना देवाने शासन केले, असे तेथील काही धर्मोपदेशकांनी उघड सांगितले. मुंबईस जॉन विल्सन व नागपुरास स्टीफन हिस्लॉप ज्या देशातून आले, तोच हा देश. रविवार कसा पाळावा हे आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या घराण्यांनी त्याच परंपरेतून घेतले, आणि त्यात घेण्यासारखे पुष्कळ होते. पण गाडीत कोण कशासाठी बसले होते, कोणी आजारी आईस भेटून येत होते की कोणी कामावर रुजू होण्यास चालले होते, हे त्या उपदेशकांस ठाऊक नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष त्यांनी दिली. तीही मेलेल्यांविरुद्ध, ज्यांना उत्तर देता येत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, त्याविषयी प्रभू स्वतः काय बोलला, ते लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. मेलेले इतरांहून अधिक अपराधी होते, हा समज त्याने साफ नाकारला. तो अध्याय त्या उपदेशकांच्याही पवित्र शास्त्रात होताच.

म्हणून संगणकावर मोठा करून पाहिलेला एक तडकलेला कान आम्हांस मोलाचा वाटतो. तो सांगतो की पुलाने रविवार व सोमवार असा भेद केला नाही. बीड वाईट ओतलेले होते, आणि त्या दिवशी वारा होता.

पण एवढ्यावर थांबले तर दुसरी चूक होते. वारा होता, देवाची करणी, असे म्हणून माणसे हात झटकतात. पुनर्रचना कोठून सुरू करावी यावर दोष कोणावर जातो ते ठरते, ही गोष्ट आम्हांस या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्र सायंकाळी सात वाजता, गाडी पुलावर चढताना सुरू केले, तर अपराधी वारा. काही उपदेशकांनी ते त्या सकाळपासून सुरू केले, तेव्हा अपराधी उतारू ठरले. आपण ते आणखी मागून सुरू करून पाहू.

१८७३ साली बाऊच याने फोर्थ नदीवरच्या दुसऱ्या एका पुलासाठी राजज्योतिषी सर जॉर्ज एअरी यांचे वाऱ्याविषयी मत घेतले होते. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर दर चौरस फुटास दहा पौंड दाब धरावा, असे उत्तर आले. त्या काळी फ्रान्समध्ये सुमारे ५५ व अमेरिकेत सुमारे ५० पौंड धरीत. टेच्या पुलासाठी बाऊचने वाऱ्याची वेगळी अशी तरतूदच केली नाही. मोठ्या माणसाचे मत हाती आहे म्हणून आपण स्वतः विचारायचे सोडले, असा प्रसंग मंडळीच्या पंचांच्या सभेतही येतो, हे जाता जाता.

मग पुलासाठी नदीकाठी वर्मिट येथे काढलेली ओतशाळा. ओतकामात नळ्यांना भोके व पोकळ्या पडत. अशी नळी टाकून द्यावयाची. पण मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांचा लगदा करून त्या पोकळ्या बुजवीत, वर घासून लोखंडासारखी लकाकी आणीत, आणि नळी पुलावर जाई. ज्या मजुराने तो लगदा भरला त्यास कोणी तरी सांगितले असेल; ज्याने सांगितले त्यास काम वेळेवर देणे होते; वर बसलेल्या इंजिनियराने त्या ओतशाळेत फारसे पाऊल टाकले नाही. तिथे खोटे बोलण्याची गरजही कोणास पडली नाही. ती नळीच खोटे बोलत होती.

मग फेब्रुवारी १८७८. सरकारी निरीक्षक मेजर जनरल हचिन्सन यांनी तीन दिवस पूल तपासला, जड इंजिने त्यावरून चालवली, व पूल मंजूर केला. मात्र जोराचा वारा असताना गाडी जाते तेव्हा काय होते ते पाहण्याची संधी मिळाल्यास बरे, असे त्यांनी आपल्या अहवालात नमूद केले. ती संधी त्यांनी पुढे कधी साधली नाही.

मग ऑक्टोबर १८७८. पुलाची देखरेख हेन्री नोबल याच्याकडे होती. तो विटाचुन्याच्या कामातला जाणकार. लोखंडी कामाचा त्यास अनुभव नव्हता. गाडी जाताना सांधे खडखडतात हे त्याच्या कानी आले. पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या. त्याने शंभराहून अधिक ठिकाणी लोखंडाचे तुकडे ठोकून खडखड बंद केली. ढिल्या झालेल्या पट्ट्या पुन्हा ताणल्या मात्र गेल्या नाहीत, त्या आहे त्याच ढिल्या स्थितीत पक्क्या झाल्या. ही गोष्ट त्याने बाऊचला कळवली नाही. नोबल आळशी नव्हता, अप्रामाणिकही नव्हता. आवाज आला, त्याने आवाज थांबवला. आम्हांला या सर्व मंडळींत त्याच्याविषयी सर्वांत अधिक वाटते, कारण आपल्यापैकी बहुतेक जण बाऊच होण्याइतके मोठे नसतात, पण नोबल मात्र सहज होतात.

संगणक खडखड पुन्हा ऐकवू शकेल. ढिली पट्टी किती सरकली हेही दाखवील. नोबलने पत्र का लिहिले नाही, हे त्यास दाखवता येणार नाही. येथे पुनर्रचनेची हद्द संपते. चौकशी न्यायालयातही हीच अडचण उभी राहिली. पूल वाईट आखला, वाईट बांधला व वाईट राखला याविषयी तिघांत मतभेद नव्हता. पण अपराध कोणाच्या माथी मारावा हे आपले काम नव्हे, असे यॉलंड व बार्लो म्हणाले; रॉदरी यांनी वेगळा अहवाल लिहून मुख्य दोष बाऊच याच्यावर ठेवला. गाडीचे शेवटचे डबे रुळावरून उडून गर्डरवर आदळले व त्यामुळे पूल पडला, हे बाऊचचे म्हणणे मान्य झाले नाही. ऑक्टोबर १८८० मध्ये, अपघातानंतर दहा महिन्यांनी, बाऊच वारला. त्याचे फोर्थवरचे काम काढून घेण्यात आले होते. मेलेल्यांना न्याय हवा म्हणताना तोही मेलेल्यांपैकी एक आहे, याचे भान पुनर्रचना करणाऱ्यास हवे. संगणकाने नवे गणित करून त्याच्यावरचा भार थोडा हलका केला तर तोही न्यायच होय. अधिक जड केला तरी होय.

आता दुसरे काम, हलते चित्र. येथे आमचे मन तितके मोकळे नाही.

लिहिणाऱ्यास एक सवलत असते. जे ठाऊक नाही तेथे तो गप्प बसू शकतो. वर आम्ही लिहिले की गाडीच्या आत काय झाले हे सांगणारा कोणी उरला नाही, आणि पुढे गेलो. चित्र काढणाऱ्यास गप्प बसता येत नाही. डब्याची खिडकी दाखवली की तिच्या आत काही तरी दाखवावे लागते. पहिला कोणता खांब झुकला, इंजिन आधी गेले की मागचा डबा, कोणी ओरडले का, हे सारे त्यास भरावे लागते. ते भरताना तो लगद्याने पोकळी बुजवणाऱ्या ओतकऱ्यासारखे वागतो, असे म्हटले तर कठोर होईल. पण धोका तोच आहे. वरून घासून सारखे केले की पाहणाऱ्यास पुरावा कोठे संपला व अंदाज कोठे सुरू झाला ते कळत नाही. मूल घरी जाऊन सांगते, मी पाहिले.

यावर एक आक्षेप ठाऊक आहे. उत्तम शुक्रवारी आपण वधस्तंभाची चित्रे दाखवतो, चित्रपटही दाखवतो, मग याच मृत्यूंविषयी एवढा संकोच का? आक्षेप खरा आहे. पण शुभवर्तमानकार स्वतः किती कमी लिहितात ते पाहावे. खिळे ठोकण्याविषयी चौघांपैकी एकही वर्णन करीत नाही. त्याला वधस्तंभावर दिले एवढे सांगून ते पुढे जातात, आणि आजूबाजूच्या माणसांनी काय केले याविषयी मात्र विस्ताराने लिहितात. आमच्या मते ज्याने टेच्या पुलाचे चित्र करावयाचे त्याने हाच कित्ता गिरवावा. खांब दाखवावेत, कान दाखवावेत, तुटलेला नळ दाखवावा. खिडक्या अंधाऱ्या ठेवाव्यात. केबिनमधल्या सिग्नलवाल्याने जितके पाहिले तितकेच, त्याच्याच जागेवरून दाखवावे.

काळाचे अंतरही आपणांस धीट करते. गुजरातेत मोरबी येथे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी झुलता पूल तुटून १३५ माणसे मेली. तोही रविवार होता. तेथे काही बांधून दाखवावे लागले नाही. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्यच दोन दिवसांत घरोघर फिरले. वडोदऱ्याच्या व अहमदाबादच्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहताना आपल्यापैकी अनेकांना कोठे तरी खुपले, कारण त्यांतील आईबाप, भावंडे अजून जिवंत आहेत. डंडीच्या मेलेल्यांचे असे कोणी आता दाराशी येणार नाही. म्हणून त्यांच्याशी वागताना आपला हात सैल पडतो. मृताचा मान त्याच्या नातेवाइकांच्या आयुष्याबरोबर संपतो, असे मात्र आम्ही शास्त्रात कोठे वाचलेले नाही.

आणि डंडीच्या मेलेल्यांचे तसेच झाले आहे. विल्यम मॅक्गोनागल नावाच्या तेथील एका कवीने या अपघातावर कविता केली. ती इतकी वाईट समजली जाते की इंग्रजी वाचणारे जग हा अपघात मुख्यतः तिला हसण्यासाठी आठवते. कवी बिचारा मनापासून दुःखी होता. त्याने मेलेले नव्वद सांगितले. पुष्कळ वर्षे पुस्तकांत सुमारे ७५ हा आकडा छापला गेला. नंतर कोणी मृत्यूच्या नोंदी एकेक करून पाहिल्या, तेव्हा खात्रीने सांगता येतील अशी ५९ नावे निघाली. त्यांपैकी ४६ जणांचीच प्रेते सापडली होती. २०१३ साली नदीच्या दोन्ही तीरांवर या ५९ नावांचे स्मारक उभे राहिले. पुनर्रचना म्हणायचीच तर आम्हांला ही सर्वांत चांगली वाटते, आणि ती करण्यास कागदांच्या नोंदी व धीर यांपलीकडे काही लागले नाही.

शिक्षकांनी विचारलेच तर आमचे मत असे. चित्र दाखवावे, पण ते गाडीपासून सुरू करू नये. वर्गातल्या मुलांना आधी ओतशाळेत न्यावे, मग नोबलबरोबर पुलाखाली उभे करावे आणि विचारावे, आवाज ऐकू आला तर तुम्ही कोणास सांगाल? यावर मुले काय बोलतात ते ऐकण्यास पुरेसा वेळ द्यावा. नंतर गाडी. ती ज्या स्टेशनवर शेवटची थांबली त्याचे नाव सेंट फोर्ट. पुलावर जाण्यापूर्वी तेथे उतारूंची तिकिटे जमा करीत. डंडीची ५६ तिकिटे त्या सायंकाळी तेथे गोळा झाली. गाडीत किती माणसे होती हे पुढे ठरवावे लागले तेव्हा त्या तिकिटांपासून मोजणी सुरू केली, आणि पासवाले व नोकर मिळवून आकडा जुळवला. तिकिटे गोळा झाल्यावर गाडी पुलाकडे निघाली.